नाणेघाटातली पावले

लहान मुलाला घेऊन सहलीला निघावे, तर इतिहास घरी ठेवावा म्हणतात. मराठीच्या मास्तराला ते कसे जमावे?

गेल्या श्रावणात जुन्नरहून घाटघरमार्गे आम्ही नाणेघाट गाठला. माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी परंपरा. आमच्या पाच वर्षांच्या कन्येने एक खडा टाकून रीतसर वाट मोकळी करून घेतली. वडिलांचे गुडघे मात्र तिथेच अडले. ते रांजणापाशी धुके बघत बसले.

थोडे उतरल्यावर लेणे लागते. भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला नागनिका राणीचा प्राकृत लेख. यज्ञ, दक्षिणेच्या गायी, हत्ती, कार्षापणे. माझे व्याख्यान रंगले. (सौ. दशम्या सोडू लागली, हा नेहमीचा इशारा.) कन्या मागच्या भिंतीपाशी. तिथे सातवाहन कुटुंबाच्या मूर्ती होत्या. आता वर नावे आणि खाली पावलांचे अवशेष.

"मुलं होती त्यांत?"

"होती. कुमार भाय, कुमार हकुसिरी."

ती धावत वर गेली. "आजोबा, तिथं सगळ्यांचे नुसते पायच राहिलेत!"

वडील गुडघे चोळीत हसले. "भाग्यवान हो! आमचे तेवढेच आधी गेले."