केशभूषा, आफ्रिकी वंशीय स्त्रियांची
सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील लोकांचे व त्यांच्या देशोदेशी विखुरलेल्या वंशजांचे केस बहुधा दाट व घट्ट वळ्यांचे असतात. उष्णता अथवा रसायने यांनी ते सरळ न करता मूळ स्वरूपात राखणे, यास नैसर्गिक केशभूषा म्हणतात. केस गोलाकार फुलू देणे (आफ्रो), डोक्यालगत बारीक वेण्या घालणे, पेड पिळणे, बटा वळणे हे तिचे प्रमुख प्रकार होत. ही निवड वरवर वैयक्तिक दिसली, तरी शाळा, कचेऱ्या व न्यायालये यांनी तिच्याविषयी घेतलेल्या भूमिकांमुळे तिला सामाजिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

केसाचे वळण त्वचेतील केशपुटकाच्या आकारावर अवलंबून असते. वक्र केशपुटकातून उगवणारा केस छेदात चपटा असून त्यास वेटोळी पडतात. डोक्याच्या त्वचेतील स्नेह या वेटोळ्यांतून टोकापर्यंत सहज पोहोचत नाही. परिणामी केस कोरडे राहतात व कोरडेच विंचरल्यास तुटतात. म्हणून ते ओले करून, तेल लावून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे उकलावे लागतात. असे केस अस्वच्छ वा विस्कटलेले असतात, हा समज निराधार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, घट्ट कुरळ्या केसांचा टोप सरळ केसांच्या टोपापेक्षा उन्हाचा ताप अधिक अडवितो, असे दिसून आले.

आफ्रिकेतील अनेक समाजांत केसांच्या रचनेवरून वय, कुळ, वैवाहिक स्थिती इत्यादींचा बोध होत असे. अमेरिकेतील गुलामगिरीत या रचनांना हीनत्व आले. लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने १७८६ मध्ये आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांवर केस वस्त्राने झाकण्याची सक्ती केली. त्या स्त्रियांनी तेच वस्त्र रंगीबेरंगी व डौलदार करून मिरविले. गुलामगिरी संपल्यावरही सरळ केस हे सभ्यतेचे व नोकरीस पात्र असल्याचे लक्षण मानले जाई. याच काळात मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांनी केसांच्या प्रसाधनांच्या व्यवसायात मोठी संपत्ती मिळविली आणि हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना विक्रेत्या म्हणून उत्पन्नाचे साधन दिले. १९६० नंतरच्या नागरी हक्कांच्या व कृष्णवर्णीयांच्या अस्मितेच्या चळवळींत आफ्रो केशभूषा स्वाभिमानाची खूण ठरली. अँजेला डेव्हिस यांचे छायाचित्र तिचे प्रतीक बनले.

तथापि विरोध संपला नाही. एका विमान कंपनीने बारीक वेण्यांना केलेली मनाई न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने १९८१ मध्ये वैध ठरविली. वेण्या हा वंशाचा अपरिवर्तनीय गुणधर्म नाही, असा त्यामागील तर्क होता. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथील मुलींच्या शाळेत केसांच्या नियमांविरुद्ध विद्यार्थिनींनी निदर्शने केली. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केशरचनेवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने बंदी घातली व पुढे अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. अनुरूपतेची किंमत शरीरासही मोजावी लागत असावी : सु. ३३,५०० अमेरिकन स्त्रियांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, केस सरळ करणाऱ्या रसायनांचा वारंवार वापर व गर्भाशयाचा कर्करोग यांत संबंध आढळला; मात्र तो कार्यकारणसंबंध असल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही.

हा प्रश्न भारतास अगदीच परका नाही. मलिक अंबर (१५४८–१६२६) व जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यामुळे आफ्रिकी वंशाचे लोक महाराष्ट्राच्या इतिहासास परिचित आहेत. गोव्यालगतच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर इ. तालुक्यांत सिद्दींची वस्ती असून त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी व कन्नड यांचे मिश्रण आढळते. त्या जिल्ह्यातील सिद्दींचा २००३ मध्ये अनुसूचित जमातींत समावेश झाला. शतकानुशतके येथे राहूनही त्यांना परदेशी समजण्यात येते. ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ अशी पृच्छा होते, केसांना हात लावून पाहिला जातो, टोपणनावे ठेवली जातात, असे अनुभव सिद्दींनी वेळोवेळी सांगितले आहेत. लांब वेणी व भरघोस अंबाडा यांना स्त्रीसौंदर्याचा मानदंड मानणाऱ्या समाजात हा भार मुलींवर अधिक पडतो.

येथील विसंगती लक्षणीय आहे. संस्कृत काव्यात कुटिल कुंतल हे सौंदर्याचे लक्षण मानले असून मराठीतही कुरळ्या केसांचे कौतुक होते. मग सिद्दी मुलीचे कुरळे केस तेवढे हास्यास्पद का ठरावेत, याचे उत्तर केसांच्या वळणात सापडत नाही. ते वर्ण व दास्य यांविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांत शोधावे लागते. नीटनेटकेपणाचा नियम सर्वांस समान दिसला, तरी तो एकाच प्रकारचे केस गृहीत धरून केलेला असेल, तर त्याचा जाच इतर केस असणाऱ्यांनाच होतो.