कुत्रा पट्ट्यातून निसटतो कसा? वर्ध्यात कुत्रा फिरवणाऱ्यांनी पट्टा, दोरी आणि हार्नेस घेताना काय बघायचं

दिवाळीच्या चार दिवसांत वर्ध्यातल्या कुठल्याही कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. फराळाच्या फोटोंमध्येच एक वेगळा फोटो हमखास दिसतो. खाली लिहिलेलं असतं, 'आमचा कुत्रा काल रात्रीपासून हरवला आहे. रंग तपकिरी, कान उभे, गळ्यात पट्टा नाही.'

शेवटचे तीन शब्द नीट वाचा. गळ्यात पट्टा नाही, म्हणजे तो मालकाच्या हातात राहिला. दोरी तुटली नाही, हूक निघाला नाही, पट्ट्याचं बक्कलही लागलेलंच आहे. फक्त आतला कुत्रा तेवढा नाही.

हे कसं होतं? जवळपास सुतळी बॉम्ब फुटला की घाबरलेला कुत्रा बऱ्याचदा पुढे पळत नाही. तो मागे सरकतो. आपण घाबरून दोरी आपल्याकडे ओढतो. कुत्रा मान खाली घालतो, कान मागे पाडतो आणि पट्टा डोक्यावरून अलगद निघून येतो. दोन सेकंदांचा खेळ. ज्या कुत्र्याला आयुष्यभर दारापासून आर्वी नाक्यापर्यंतचाच रस्ता माहीत आहे, तो आता वर्ध्याच्या ट्रॅफिकमध्ये एकटा असतो.

म्हणून दुकानात गेल्यावर 'हा किती मजबूत आहे?' एवढंच विचारून भागत नाही. हा उलटा ओढला तर निघेल का आणि ओढ बसली तर ती कुत्र्याच्या नेमक्या कुठल्या भागावर बसेल, हे दोन प्रश्न जास्त कामाचे आहेत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

आपल्याकडे सगळ्यालाच 'पट्टा' म्हणतात, नाहीतर 'बेल्ट'. या लेखापुरतं असं धरू: गळ्यात असतो तो पट्टा, आपल्या हातात असते ती दोरी आणि छाती-पाठीभोवती बसतो तो हार्नेस.

खरं तर हा विषय वर्धा जिल्ह्याला नवा नाही. फक्त आपण तो बैलांच्या बाबतीत शिकलो. पोळ्याच्या आधी बाजारात गेलात तर दोरांच्या दुकानात कासरा, वेसण, म्होरकी असं सगळं टांगलेलं दिसतं. प्रत्येकाचं काम वेगळं. ओझं ओढायचं तर जू मानेवर-खांद्यावर, कारण तिथे ताकद लागते. वळवायचं तर म्होरकी डोक्याला, कारण डोकं वळलं की अंग वळतं. चारशे किलोच्या बैलाच्या गळ्यात फास टाकून त्याला थांबवायला कुठलाही शेतकरी जाणार नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

गळ्यावर किती जोर बसतो?

थोडं गणित करू. वीस किलोचा कुत्रा, म्हणजे साधारण मध्यम आकाराचा गावठी, मांजर दिसली म्हणून ताशी १८ किलोमीटर वेगाने सुटला. दोरी संपली आणि तो २० सेंटीमीटरच्या आत थांबला. त्या क्षणी त्याच्यावर बसणारा सरासरी जोर सव्वाशे किलो वजनाइतका होतो. गळ्यात पट्टा असेल तर हा सगळा जोर दोन बोटं रुंदीच्या पट्टीतून गळ्यावर. तिथे श्वासनलिका आहे, थायरॉईड ग्रंथी आहे, डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरा आहेत.

२०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी कुत्र्याच्या गळ्याची प्रतिकृती करून तिच्यावर वेगवेगळ्या प्रकारचे पट्टे लावून दाब मोजला होता. रुंद, अरुंद, आतून मऊ अस्तर लावलेले, सगळे. ओढ बसल्यावर इजेचा धोका राहणार नाही इतका कमी दाब एकाही पट्ट्याने दिला नाही. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की पट्टा लावून ओढ बसली की कुत्र्याच्या डोळ्यातला दाब लक्षणीय वाढतो, हार्नेसवर ओढ बसली तर तसा वाढत नाही. पगसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्यांसाठी ही बाब साधी नाही. आणि हचच्या त्या जाहिरातीनंतर पग आपल्याकडे किती घरांत आला, हे वेगळं सांगायला नको.

पोमेरेनियन, स्पिट्झ अशा लहान कुत्र्यांचा वेगळा त्रास. यांच्यात श्वासनलिका मुळातच कमजोर असण्याचं प्रमाण जास्त. पट्टा ओढला की हंसाच्या आवाजासारखा कोरडा, भोंग्यासारखा खोकला येतो. 'त्याला सवयच आहे' म्हणून सोडून देऊ नका. आधी हार्नेस घ्या, मग डॉक्टरांकडे जा.

वर्ध्यात याला आणखी एक बाजू आहे, ऊन. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास फिरत असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरून आणि तोंडातून पाण्याची वाफ करून अंग थंड करतो. म्हणजे त्याचा कूलर गळ्यातून चालतो. उन्हाळ्यात पट्ट्याने गळा आवळलेला कुत्रा म्हणजे खिडकी बंद करून लावलेला कूलर.

मग हार्नेसच घ्यायचा का?

ओढणाऱ्या, लहान, चपट्या तोंडाच्या आणि भित्र्या कुत्र्यासाठी हो. पण कुठलाही नाही.

बाजारात बऱ्याचदा मिळतो तो खांद्यांवरून आडवी पट्टी जाणारा. दिसायला भारी, पण चालताना पुढचे पाय नेमके त्या पट्टीला अडतात. त्यापेक्षा समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा बघा. त्याच्या दोन पट्ट्या मानेच्या दोन्ही बाजूंनी येऊन छातीच्या हाडावर एकत्र होतात आणि खाली पोटाकडे जातात. खांदे मोकळे राहतात. पोटाची पट्टी पुढच्या पायांच्या काखेपासून दोन-तीन बोटं मागे हवी, नाहीतर आठ दिवसांत तिथले केस जातात आणि कातडी लाल होते.

दोरी अडकवायची कडी कुठे आहे, हेही बघा. फक्त पाठीवर कडी असेल तर ओढणारा कुत्रा आणखी आरामात ओढतो. का? तुम्ही त्याला जू दिलं ना! छातीवरही कडी असेल तर तिथे दोरी लावा. कुत्रा ओढायला गेला की आपोआप तुमच्याकडे वळतो आणि ओढण्यात काही मजा उरत नाही. कुत्र्यांसाठी म्होरकीसारखं डोक्यात घालायचं साधनही मिळतं. खूप दांडग्या कुत्र्याला ते उपयोगी पडतं, पण त्याची सवय हळूहळू लावावी लागते आणि त्याला कधीच झटका द्यायचा नसतो, मान मुरगळू शकते. माझ्या मते बहुतेक घरांना त्याची गरज पडत नाही.

काटेरी पट्टा आणि ओढला की आवळत जाणारा फासाचा पट्टा यांच्याबद्दल एका वाक्यात: घेऊ नका.

शांत चालणाऱ्या, न ओढणाऱ्या कुत्र्याला साधा पट्टा चालतो. पट्टा आणि गळा यांच्यात दोन बोटं सपाट जायला हवीत, तीन जात असतील तर तो सैल आहे. मुधोळ, कारवानी अशा लांब तोंडाच्या कुत्र्यांचं मात्र डोकंच मानेपेक्षा बारीक, त्यामुळे साधा पट्टा त्यांच्यावर टिकतच नाही. सडसडीत गावठी कुत्र्यांचंही कमी-अधिक तेच. त्यांच्यासाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा असतो. ओढ बसली की तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो आणि थांबतो, म्हणजे डोकं निघत नाही आणि गळाही आवळत नाही. हे माप तुम्हीच नीट बसवायचं असतं.

हातातली दोरी

साखळीचा सोस आपल्याकडे फार. कुत्रा मोठा दिसतो, मालकही जरा रुबाबदार वाटतो. पण साखळीचं वजन दिवसभर गळ्यावर असतं, ती झटका जरासुद्धा शोषत नाही, हातातून सरकली तर तळहात सोलते आणि उन्हात ठेवली तर चटका बसतो. दोरी चावून तोडणारा कुत्रा असेल तर कुत्र्याकडच्या टोकाला फूटभर साखळी आणि पुढे दोरी, असं चालतं.

नायलॉनची पट्टी टिकाऊ असते, पावसात लवकर वाळते, पण कुत्र्याने जोरात ओढली तर हाताला भाजल्यासारखं करते. हाताला सगळ्यात सुखाची म्हणजे सुती दोरी. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात ती मिळायला काय अडचण? दोराच्या दुकानातून अंगठ्याएवढ्या जाडीची वळलेली सुती दोरी घ्या, चामड्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून टोकाला चांगला पितळी हूक आणि हाताला मूठ शिवून घ्या. शे-दोनशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक दोऱ्यांपेक्षा ती बरी निघेल. तिचा दोष एवढाच की पावसात भिजली की जड होते आणि ओलीच ठेवली तर कुजते.

लांबी चार ते सहा फूट. बजाज चौकासारख्या गर्दीत चार फूटच बरी. बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी रस्त्यावर नकोच. पाच मीटर दोरी सुटलेली असताना मागून बाईक आली तर कुत्रा परत ओढायला वेळच मिळत नाही. लांब दोरी जितकी जास्त, तितका कुत्रा शेवटी वेगात असतो आणि वरचं सव्वाशे किलोचं गणित आणखी वाढतं. मूठ हातातून सुटली तर तो प्लास्टिकचा डबा खडखडत कुत्र्याच्या मागे धावतो आणि कुत्रा त्याला घाबरून अजून पळतो. मोकळ्या माळावर हुंदडू द्यायचं असेल तर हार्नेसला साधी लांब दोरी लावा. फक्त कपाशीवर फवारणी झालेली असेल तर त्या धुऱ्यावरून दोरी आखूडच धरून न्या. कुत्रा पानं हुंगतो आणि मग पाय चाटतो.

दोरी मनगटाला गुंडाळू नका. उधळलेल्या बैलाचा कासरा हाताला गुंडाळून धरला तर काय होतं, हे गावाकडे कुणालाही विचारा. मुठीत अंगठा अडकवा, उरलेली दोरी घडी करून तळहातात धरा.

विकत घेताना सगळ्यात कमी बघितली जाते ती कडी आणि हूक. कडीचा जोड उघडा दिसत असेल, नुसती वाकवून भिडवलेली असेल, तर ती जोर आल्यावर फाकते. जोड डाग दिलेला हवा. हुकाची स्प्रिंग दहा वेळा दाबून सोडा, एकदाही अडकली तर ठेवून द्या. शिवण सरळ एका ओळीत नको, चौकोन आणि त्यात फुली अशी हवी. वापरातली दोरीही महिन्यातून एकदा अशीच तपासा.

गल्लीतले कुत्रे आले तर?

वर्ध्यात कुत्रा फिरवायचा म्हणजे दर दोनशे मीटरला दुसऱ्या कुत्र्यांची हद्द लागते. लांबून ते दिसले की आपण दोरी ताणून धरतो. ताणलेल्या दोरीने आपल्या कुत्र्याची मान वर, छाती पुढे होते. समोरच्यांना ते आव्हान वाटतं. शिवाय कुत्रे एकमेकांकडे सरळ जात नाहीत, वळसा घेऊन जातात, आणि ताणलेल्या दोरीत वळसा घेता येत नाही. म्हणून दोरी आखूड धरा, पण तिला किंचित झोल राहू द्या. स्वतः मधे या, रस्त्याची बाजू बदला, पळू नका. तुमच्या कुत्र्याचं रेबीजचं लसीकरण झालेलं असणं ही या सगळ्याच्या आधीची गोष्ट.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून लोकांना इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरीकडे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हासुद्धा. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजूनही १० ते ५० रुपये. आज ५० रुपयांत धड दोरीही येत नाही.

दिवाळीच्या आधी एकदा घरात करून बघा

दार बंद करा. कुत्र्याला पट्टा किंवा हार्नेस घाला. समोर उभे राहून आवडीचा खाऊ त्याच्या नाकाशी धरा, हळूहळू खाली आणि मागे न्या आणि दोरी हलकेच आपल्याकडे घ्या. तो मागे सरकताना पट्टा कानांपर्यंत आला तर तो फटाक्यांच्या दिवशी नक्की निघणार. हार्नेसमधूनही भित्रे कुत्रे मागच्या मागे निघतात. म्हणून त्या दिवसांत दोन्ही घाला आणि दोन्ही टोकांना हूक असलेल्या छोट्या दोरीने पट्टा आणि हार्नेस एकमेकांना जोडा. एक निघाला तरी दुसरा धरून ठेवतो. पट्ट्यावर मोबाईल नंबर कोरलेली चकती हवीच, हार्नेस असला तरी. लग्नाच्या वरातीचा डीजे निघणार असेल तेव्हाही हेच.

आणि तरीही निसटला तर त्याच्या मागे धावू नका. धावलात की त्याला आणखी कुणीतरी मागे लागल्यासारखं वाटतं. तुम्ही उलट दिशेने चालू लागा, खाली बसा, रोजच्याच आवाजात हाक मारा. तो दिसेनासा झाला तर घरातला एक माणूस घरीच थांबवा आणि गेट उघडं ठेवा. बरेच कुत्रे फटाके थांबल्यावर, पहाटे दोन-तीनच्या सुमारास, रस्ता शांत झाला की स्वतःच घराकडे येतात आणि बंद गेट बघून परत जातात.