कडीचे माप : जिरहबख्तराची घडण आणि तिचे आजचे रूप

लोखंडी कड्या एकमेकींत ओवून केलेल्या अंगरख्याला अरबीत ‘दिर्अ’, फारसीत ‘जिरिह’ आणि दख्खनी बोलीत ‘जिरह’ म्हटले जाई. मराठीतील ‘जिरेटोप’ या शब्दातील ‘जिरे’ हे याच शब्दाचे रूप होय. शब्द राहिला, पण ते वस्त्र कसे घडत असे याची माहिती मात्र आज फारच थोड्यांना आहे. संग्रहालयातील काचेच्या कपाटासमोरून माणसे ‘किती जड असेल!’ एवढेच म्हणून पुढे सरकतात. वास्तविक या वस्त्राचे खरे मर्म वजनात नसून मापात आहे.

पवित्र कुरआनात या हुन्नराचा दोन ठिकाणी उल्लेख येतो. सूरह अंबियात (२१:८०) आणि सूरह सबात (३४:१०-११) हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांना चिलखत घडविण्याची विद्या दिल्याचे सांगितले आहे. दुसऱ्या ठिकाणी कड्या जोडताना माप राखण्याची आज्ञा आहे. तिचा खुलासा करताना जुन्या भाष्यकारांनी रिव्हेटाचा विचार केला. रिव्हेट बारीक असेल तर कडीत खुळखुळेल, जाड असेल तर कडीच फोडील, असा त्यांचा आशय आहे. हा अर्थ लोहाराच्या ऐरणीवर तंतोतंत खरा ठरतो.

घडणीची रीत

प्रथम लोखंड तापवून, क्रमाने लहान होत जाणारी भोके असलेल्या पोलादी पट्टीतून ओढून त्याची तार काढली जाई. ती तार गोल सळईवर वेटोळून छिन्नीने कापली की सुट्या कड्या मिळत. प्रत्येक कडीची दोन टोके एकमेकांवर चढवून, ठोकून चपटी करीत व त्यांत बारीक भोक पाडीत. मग ती कडी शेजारच्या चार कड्यांत ओवून भोकात छोटा रिव्हेट बसवीत आणि त्याचे डोके ठोकून पक्के करीत. एका कडीत चार कड्या, ही या विणीची मूळ रीत. एका अंगरख्याला सुमारे २० ते ३० हजार कड्या लागत. त्यांतील एक रिव्हेट कच्चा राहिला तर भाल्याचे टोक नेमके तेथून आत शिरण्याचा धोका असे. म्हणजे कारागिराच्या हातावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असे.

जिरह तलवारीची धार अडवते, पण घावाचा दणका अडवत नाही. म्हणून तिच्याखाली कापूस भरलेला जाड अंगरखा घालीत. छाती, पाठ व कुशी यांसाठी पुढे चार पोलादी पत्रे वापरात आले. त्यांना ‘चार आईना’ म्हणजे चार आरसे असे नाव पडले. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त शाही शस्त्रागाराच्या वर्णनात अशा चिलखतांची नोंद आहे.

दख्खनचा ठेवा

विजापूरच्या आदिलशाहीचा १६८६ मध्ये अस्त झाला. त्यानंतर आदोनीच्या किल्ल्यातील शस्त्रे मोगल सेनानी असलेल्या बिकानेरच्या महाराजा अनूपसिंहांकडे गेली. त्यामुळे दख्खनी शस्त्रांचा मोठा ठेवा राजस्थानात टिकला. हत्तीचे प्रसिद्ध चिलखत इंग्लंडमध्ये लीड्स येथील रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. पोलादी पत्रे आणि कड्यांच्या विणीने बनलेल्या या चिलखतात मुळात ८,४३९ पत्रे असावेत; आज त्यांपैकी ५,८४० उरले असून त्यांचे वजन ११८ किलो भरते.

बंदुकीच्या गोळीपुढे जिरह निकामी ठरली. एकोणिसाव्या शतकात लोखंड, पितळ व तांबे यांच्या कड्यांची रंगीत नक्षी असलेली चिलखते दरबारी शोभेसाठी बनू लागली. त्यांत रिव्हेट नसून कडीची टोके नुसती एकमेकांना भिडवलेली असतात. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयासारख्या ठिकाणी शस्त्रदालन पाहताना कडीवर रिव्हेटाचे डोके आहे काय, हे निरखावे. ते असेल तर ती वस्तू लढाईसाठी घडवली असण्याचा संभव अधिक. नसेल तर ती बहुधा मिरवण्याची.

खवल्यांचे चिलखत

दुसरा प्रकार खवल्यांचा. यात कौलांप्रमाणे वरचा खवला खालच्यावर चढतो. लीड्सच्याच संग्रहालयात खऱ्या खवले मांजराच्या खवल्यांचा अंगरखा आणि शिरस्त्राण आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी ते १८२० मध्ये राजा तिसरा जॉर्ज याला भेट दिले होते. हा प्राणी आज संकटात आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे आणि त्याच्या खवल्यांचा व्यापार गुन्हा आहे. हस्तकलेसाठी ॲल्युमिनियमचे हलके, एका टोकाला भोक असलेले खवले मिळतात. तेच वापरणे योग्य.

आजचे रूप

आज हातकड्या, गळ्यातले दागिने, पट्टे व बटवे याच विणीतून होतात. साधने मोजकीच : तार, सळई, कापण्याची आरी आणि दोन पकडी. कडी उघडताना टोके बाजूला ओढू नयेत, एक पुढे व एक मागे वळवावे; नाहीतर गोलाई बिघडते. महत्त्वाचे आहे ते गुणोत्तर. कडीचा आतील व्यास भागिले तारेची जाडी. तार १.६ मिमी आणि आतील व्यास ८ मिमी असेल तर गुणोत्तर ५ येते व वीण मोकळी, लवचिक होते. व्यास ६.४ मिमी घेतला तर ४ येते व वीण घट्ट बसते. ते तीनच्या खाली गेले तर चार कड्या एका कडीत मावतच नाहीत. भूमितीचा हा धडा शाळेत फळ्यावर शिकवला जातो, पण हातात कडी घेतल्यावर तो विसरला जात नाही.

मांस कापणाऱ्या कामगारांचे पोलादी जाळीचे हातमोजे हीही जिरहच होय. फरक इतकाच की तिच्या कड्या रिव्हेटाऐवजी वेल्डिंगने जोडलेल्या असतात. म्हणजे ही विद्या जीव राखण्याचे आपले मूळ काम आजही करते आहे.

राजेरजवाड्यांची नावे चिलखतांवर कोरलेली सापडतात, कड्या जोडणाऱ्यांची क्वचितच. हाताचे काम करणारा अडाणी आणि पुस्तक वाचणारा तेवढाच विद्वान, ही समजूत सोडून दिली, तर लोहार आणि शिकलगार यांच्या घरांतील मुले आपल्या वडिलांच्या हुन्नराकडे गणिताच्या नजरेने पाहू शकतील. तंत्रनिकेतने आणि शाळांच्या हस्तकला वर्गांत या विणीला जागा देण्यास मोठा खर्च नाही. थोडी तार आणि माप राखण्याची सवय पुरेशी आहे.