स्फटिकरचनांचे सामायिक दफ्तर

एखाद्या पदार्थाची स्फटिकरचना कळणे म्हणजे त्यातला प्रत्येक अणू नेमका कुठे बसला आहे, शेजारच्या अणूपासून किती अंतरावर आहे आणि हीच मांडणी तिन्ही दिशांना पुन्हापुन्हा कशी येत राहते, हे कळणे. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाऊए यांच्या कल्पनेवरून मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि पलीकडच्या फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. ठिपक्यांची जागा आणि ठळकपणा यांवरून अणूंच्या जागा काढता येतात, हे पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी मीठ आणि हिरा यांच्या रचना उलगडून दाखवले. मिठाच्या स्फटिकात पुन्हापुन्हा येणारे जे घनाकार एकक असते, ज्याला युनिट सेल म्हणतात, त्याची बाजू सुमारे ५.६४ अँगस्ट्रॉम भरते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

सुरुवातीच्या काळात एकेका रचनेला महिने, कधी वर्षे लागत. आज चांगला स्फटिक हाती असेल, तर लहान रेणूची रचना काही तासांत मिळते. त्यामुळे रचना काढण्याइतकाच त्या सांभाळण्याचा प्रश्न मोठा झाला आहे. शोधनिबंधात रेणूचे सुबक चित्र छापलेले असते, पण खरी रचना असते ती त्यामागच्या आकड्यांत: युनिट सेलच्या तीन बाजू आणि तीन कोन, सममितीच्या २३० संभाव्य प्रकारांपैकी लागू असलेला एक, प्रत्येक अणूचे तीन सहनिर्देशक, त्यांतली अनिश्चितता, आणि मोजमाप कोणत्या तापमानाला व कोणत्या तरंगलांबीच्या किरणांनी केले याचा तपशील. हे आकडे हरवले किंवा चुकीचे छापले गेले, तर निबंध शिल्लक राहतो आणि रचना नाहीशी होते.

हे ओळखून ओल्गा केनर्ड यांनी १९६५ साली केंब्रिज विद्यापीठात सेंद्रिय आणि धातू-सेंद्रिय रेणूंच्या रचना एकत्र करण्याचे काम सुरू केले. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या केनर्ड महायुद्धाच्या तोंडावर इंग्लंडला आल्या होत्या आणि स्वतः उत्तम स्फटिकशास्त्रज्ञ होत्या. भौतिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्याप्रमाणे त्यांचाही विश्वास होता की, सुट्या प्रयोगांची फळे एकत्र ठेवली तर त्यांतून एकट्या प्रयोगात कधीच न दिसणारे ज्ञान बाहेर येते. तेव्हा जगभरात अशा रचना काही हजारच होत्या. त्या नियतकालिकांतून शोधून, टंकून, तपासून घ्याव्या लागत. तपासणीची पद्धत साधी आणि कठोर होती: छापलेल्या सहनिर्देशकांवरून अणूंमधली अंतरे पुन्हा काढायची आणि निबंधात दिलेल्या अंतरांशी ती पडताळायची. दोन्ही जुळत नसल्याचे अनेकदा आढळे. कुठे आकडा उलटा छापलेला, कुठे ऋणचिन्ह गळलेले. मग लेखकांना पत्रे जात, दुरुस्त्या मागवल्या जात. संशोधनाच्या इतिहासात या पत्रव्यवहाराची फारशी दखल घेतलेली दिसत नाही, पण आजच्या साठ्याची विश्वासार्हता त्यावरच उभी आहे. केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साठ्याने जून २०१९मध्ये दहा लाख रचनांचा टप्पा ओलांडला.

साठ्यात प्रत्येक रचनेला सहा अक्षरांची खूण मिळते. पॅरासिटामॉलची खूण आहे एचएक्सएसीएएन. त्याच पदार्थाची रचना पुन्हा कोणी काढली, तर त्याच खुणेपुढे दोन आकडे जोडले जातात. त्यामुळे एका पदार्थाची सगळी मोजमापे एकाच ठिकाणी सापडतात. अणूंच्या जागा कळल्या तरी कोणता बंध एकेरी, कोणता दुहेरी, कोणत्या रेणूला कोणते रासायनिक नाव द्यायचे, हे आकड्यांवरून आपोआप ठरत नाही. आज बरेचसे काम संगणक करतो, तरीही अडलेल्या जागी जाणत्या रसायनशास्त्रज्ञाला निर्णय घ्यावा लागतो. स्फटिकातला एखादा भाग कधी दोन जागांमध्ये विभागलेला असतो, म्हणजे काही युनिट सेलमध्ये तो इकडे आणि काहींत तिकडे. अशा नोंदी नीट न लावल्या, तर पुढे साठा चाळणाऱ्याला अस्तित्वातच नसलेले रेणू सापडू लागतील.

टंकण्याच्या कष्टातून सुटका झाली ती १९९०च्या दशकात. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने सीआयएफ ही फाइलची प्रमाण रचना स्वीकारली आणि १९९१मध्ये तिचे तपशील प्रसिद्ध झाले. साध्या अक्षरांची ही फाइल माणसाला वाचता येते आणि संगणकालाही. प्रत्येक राशीला ठरलेले नाव असते आणि त्यापुढे तिची किंमत. अनिश्चितता कंसात येते: १.०८५(३) याचा अर्थ शेवटच्या अंकात ३ची अनिश्चितता. मोजणाऱ्या यंत्रापासून नियतकालिकापर्यंत आणि तिथून साठ्यापर्यंत तीच फाइल जाऊ लागल्यामुळे मधल्या हातांत होणाऱ्या चुका जवळजवळ संपल्या. एका विद्याशाखेने आपल्या सगळ्या निष्कर्षांसाठी एकच भाषा ठरवावी आणि जगभर ती पाळली जावी, हे विज्ञानात विरळाच घडले आहे.

प्रमाण फाइलमुळे तपासणीही यंत्राकडे देता आली. चेकसीआयएफ ही सेवा दाखल होणाऱ्या फाइलमधल्या शंकास्पद गोष्टी गांभीर्यानुसार दाखवते. एखादा अणू अवाजवी थरथरताना दिसतो, दोन अणू अशक्य इतके जवळ येतात, किंवा लेखकाने ठरवलेल्यापेक्षा जास्त सममिती आकड्यांत दडलेली असते. या शेवटच्या चुकीचा पाठपुरावा कॅलिफोर्नियातील रिचर्ड मार्श यांनी वर्षानुवर्षे केला. इतरांच्या प्रसिद्ध रचना पुन्हा तपासून चुकलेली सममिती ते दुरुस्त करत. आकडे खुले होते म्हणूनच हे शक्य झाले.

काही वेळा तपासणीतून चुकीपेक्षा गंभीर प्रकार बाहेर आला. २०१०च्या आरंभी ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका या नियतकालिकाच्या संपादकांनी जाहीर केले की, चीनमधील एका विद्यापीठातून आलेल्या किमान ७० रचना बनावट असून त्या मागे घेतल्या जात आहेत. खऱ्या पदार्थाची मोजमापे घ्यायची, त्यातला एक धातू बदलून दुसरा लिहायचा किंवा एखादा गट बदलायचा आणि नवा पदार्थ म्हणून निबंध पाठवायचा, अशी ती पद्धत होती. मूळ विवर्तनाचे, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या किरणांचे, आकडे नियतकालिकाकडे जमा असल्यामुळे वेगवेगळ्या म्हणवल्या जाणाऱ्या रचनांमागे एकच मोजमाप आहे, हे सिद्ध करता आले. केवळ निष्कर्ष न मागता त्यामागचे आकडेही मागण्याचा आग्रह किती आवश्यक आहे, हे यावरून कळते.

साठ्याचे खरे मोल मात्र चुका पकडण्यात नसून नवे पाहण्यात आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण जून सुटर यांचे आहे. न्यूझीलंडच्या या संशोधिकेने १९६२ साली लंडनमधून असे मांडले की, कार्बनला जोडलेला हायड्रोजनही जवळच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करू शकतो. तेव्हाच्या समजुतीनुसार असा बंध फक्त ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांसारख्या अणूंना जोडलेला हायड्रोजनच करतो. सुटर यांच्या हाती मोजक्याच रचना होत्या. १९६८मध्ये अमेरिकी स्फटिकशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी सुटर यांचा दावा खोडून काढला आणि डोनोह्यू यांच्या शब्दाला वजन असल्याने विषय मिटला असे मानले गेले. सुटर पुढे मूतखड्यांतील स्फटिकांच्या अभ्यासाकडे वळल्या.

१९८२ साली रॉबिन टेलर आणि ओल्गा केनर्ड यांनी हा प्रश्न साठ्यालाच विचारला. क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात आणि हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन असल्याने त्याची जागा धूसर येते. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रकावरून विखुरतात, म्हणून न्यूट्रॉन विवर्तनात हायड्रोजन नीट सापडतो. टेलर आणि केनर्ड यांनी अशा ११३ रचना निवडून त्यांतली हायड्रोजन आणि शेजारचे अणू यांमधली सर्व जवळची अंतरे मोजली. कार्बनवरचा हायड्रोजन ऑक्सिजनच्या जवळ येण्याचे प्रमाण योगायोगाने स्पष्ट होण्याइतके कमी नव्हते. सुटर बरोबर होत्या. त्या ११३ रचना काढणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात हा प्रश्न नसावा. उत्तर त्यांच्या आकड्यांत पडून होते. पुढे हैदराबादच्या गौतम देसिराजू यांनी या दुबळ्या बंधांचा विस्ताराने अभ्यास केला आणि स्फटिक हेतुपूर्वक घडवण्याच्या शास्त्रात त्यांना स्थान मिळवून दिले. न्यूट्रॉन मोजमापांत मुंबईचाही वाटा आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सायरस अणुभट्टीतील न्यूट्रॉन वापरून राजगोपाल चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांमधील हायड्रोजनच्या जागा निश्चित केल्या होत्या.

औषधनिर्मितीत या साठ्याची गरज १९९८ साली प्रकर्षाने जाणवली. एचआयव्हीवरचे रिटोनाविर हे औषध १९९६मध्ये बाजारात आले. दोन वर्षांनी कॅप्सूलमध्ये त्याच रेणूचे दुसरे स्फटिकरूप तयार होऊ लागले. ते अधिक स्थिर होते, पण फार कमी विरघळे, म्हणून ॲबट कंपनीला कॅप्सूल मागे घेऊन औषधाची नवी घडण करावी लागली. नंतर साठ्यातील सारख्या रेणूंच्या आकडेवारीवरून दिसले की, पहिल्या रूपातले हायड्रोजन बंध तुलनेने कमी संभाव्य जोड्यांचे होते. आज नवे औषध निवडताना औषध कंपन्या अशी पडताळणी आधीच करतात.

प्रथिनांचे दफ्तर वेगळे आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९७१ साली अवघ्या ७ रचनांनिशी प्रोटीन डेटा बँक सुरू झाली आणि २०२३मध्ये तिने दोन लाखांचा टप्पा ओलांडला. २००८पासून स्फटिकांवरून काढलेल्या रचनांसोबत विवर्तनाचे आकडेही देणे तिथे बंधनकारक आहे. आलेल्या प्रत्येक रचनेतली प्रथिनाच्या साखळीची वळणे शक्य आहेत की नाहीत, हे मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह १९६३मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखावर तपासले जाते. कोविडच्या विषाणूतील मुख्य प्रोटीएजची चिनी शास्त्रज्ञांनी काढलेली रचना फेब्रुवारी २०२०च्या पहिल्याच आठवड्यात, निबंध छापून येण्याआधी, इथे सर्वांसाठी खुली झाली. अल्फाफोल्ड ही प्रथिनांचे आकार वर्तवणारी प्रणालीही याच साठ्यावर शिकली. त्या कामाला २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

खर्च कोणी उचलायचा, याचे उत्तर सगळीकडे सारखे नाही. प्रोटीन डेटा बँक सरकारी अनुदानावर चालते आणि तिथली प्रत्येक नोंद विनामूल्य आहे. केंब्रिजमधली एखादी रचना कोणालाही फुकट पाहता येते, मात्र संपूर्ण साठा चाळण्याची साधने परवाना घेऊन वापरावी लागतात. अकार्बनी पदार्थांचा जर्मनीतील साठाही शुल्कावर चालतो. संपादकांचे पगार यातूनच निघतात हे खरे, पण लहान महाविद्यालयांना हा खर्च जड जातो. २००३मध्ये फ्रान्सचे आर्मेल ल बाय यांनी सहकाऱ्यांसह क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस सुरू केला तो याच कारणाने. आता लिथुआनियाच्या व्हिल्नियस विद्यापीठातून चालणाऱ्या या साठ्यात पाच लाखांहून अधिक नोंदी आहेत आणि तो संपूर्ण उतरवून घेता येतो.

निबंधात कधीच न आलेल्या रचनांचा प्रश्न उरतोच. विद्यार्थी पदवी घेऊन जातो, प्रकल्प बंद पडतो, निकाल अपेक्षेप्रमाणे नसतो, आणि नीट मोजलेली रचना एखाद्या संगणकात राहून जाते. अशा रचना निबंधाशिवायही केंब्रिजकडे थेट देता येतात. तपासणीनंतर त्या खूण आणि संदर्भक्रमांकासह इतर रचनांप्रमाणेच साठ्यात दाखल होतात आणि त्या काढणाऱ्याचे नाव त्यांवर राहते.