गंज आतून खातो

सफाळ्याहून केळवे, दातिवऱ्याकडे धावणाऱ्या जुन्या जीपगाड्यांवर खारा वारा बसतो. मासळीच्या पाट्यांतलं पाणी खाली गळतं. लोखंड गंजायला पाणी नि हवा पुरेशी असते, मीठ फक्त घाई करतं. पोकळ चासीत चिखल साचतो, ओल टिकते आणि वरचा रंग शाबूत असतानाच पत्रा आतून पातळ होतो. स्प्रिंगचे पट्टे चासीला जोडलेले असतात तिथं भार मोठा. ती जागा तुटली की चाक सरकतं, स्टिअरिंग ऐकत नाही. काळा रंग फासून गंज झाकतो, जात नाही. (रंगाला भुलणं ही आम्हा कवींची खोड!) गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. मेकॅनिककडून चासी हातोडीनं ठोकून घ्या. भद्द आवाज आला, तर दुरुस्तीआधी त्या गाडीत शाळेची पोरं बसवू नका.