चेनसॉसाठी बारची लांबी आणि चेनची निवड

चेनसॉच्या माहितीपत्रकात अमुक इंचांपर्यंतचा बार बसतो असे लिहिलेले असते. बार बसतो हे खरे, पण तो पूर्ण लाकडात बुडाल्यावर इंजिन चेन ओढू शकेल का, हा प्रश्न निराळा आहे. या पाठात आपण त्याचे उत्तर हिशेबाने काढू.

आधी चेनची मापे पाहू. लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या रिव्हेटमधील अंतराचे निम्मे म्हणजे पिच. व्यावसायिक तोडीत ०.३२५ इंच, ३/८ इंच आणि ०.४०४ इंच हे पिच भेटतात. चेन, इंजिनाचे स्प्रॉकेट आणि बारच्या टोकाचे चाक या तिन्हींचा पिच एकच हवा. गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी; ती बारच्या खोबणीशी जुळली पाहिजे. तिसरी गोष्ट म्हणजे ड्राइव्ह लिंकची संख्या. दुकानात फक्त "२० इंची चेन द्या" म्हणून चालत नाही, कारण एकाच लांबीच्या दोन बारना वेगवेगळ्या संख्येची चेन लागू शकते.

स्प्रॉकेटचा एक दात एक ड्राइव्ह लिंक पुढे ढकलतो आणि दोन ड्राइव्ह लिंकमधले अंतर दोन पिच असते. म्हणून

चेनचा वेग = २ × पिच × स्प्रॉकेटचे दात × दर सेकंदाचे फेरे

३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी. ७ दातांचे स्प्रॉकेट मिनिटाला १०,००० फेरे फिरले तर वेग सुमारे २२ मीटर प्रति सेकंद येतो. ७० सीसी वर्गातील चांगले यंत्र सुमारे ४ किलोवॅट शक्ती देते. शक्तीला वेगाने भागले की चेनवरचे ओढबल मिळते, ते सुमारे १८० न्यूटन. घर्षण आपण सध्या सोडून दिले आहे. प्रत्यक्षात बार लांबला की तेही वाढते.

आता हे बल किती दातांत वाटले जाते ते बघा. नेहमीच्या चेनमध्ये दर चार पिचला, म्हणजे ३८.१ मिमीला एक कटर असतो. २४ इंची बार पूर्ण बुडाला की १६ कटर एकाच वेळी लाकडात असतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ११ न्यूटन येतात. त्याच यंत्रावर ३६ इंची बार लावला तर कटर २४ होतात आणि वाटा ७.५ न्यूटनांवर घसरतो. दात पूर्ण खोलीची ढलपी काढू शकत नाही, लाकडावर नुसता घासतो. भुशात ढलप्यांऐवजी पीठ दिसू लागते, चेन तापते, बोथटते.

यावरचा उपाय मोठा मार्मिक आहे: दातच कमी करायचे! स्किप चेनमध्ये कटर दर सहा पिचला येतो. ३६ इंचांत मग १६ कटर उरतात, म्हणजे आपण पुन्हा दाताला ११ न्यूटनांवर आलो. शिवाय कटरांमधली मोकळी जागा वाढल्याने लांब कापातली ढलपी वाहून न्यायला वाव मिळतो. काप थोडा खडबडीत येतो, पण जाड झाड पाडताना त्याची फिकीर कोण करतो?

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत, डग्लस फरच्या जंगलांत लांब बार आणि स्किप चेन हीच रीत आहे. झाडे जाड, उतार तीव्र. बुंध्याच्या दोन्ही बाजूंना सुरक्षित उभे राहता येईलच असे नाही, म्हणून एका बाजूनेच पूर्ण काप घ्यावा लागतो. लांब बारमुळे पडलेल्या खोडाच्या फांद्या फार न वाकता तोडता येतात, हाही फायदा. याउलट स्वीडन-फिनलंडमध्ये स्प्रूस आणि पाइन तुलनेने बारीक असतात. तिथे ५० ते ६० सीसीचे हलके यंत्र, १३ ते १८ इंची बार आणि ०.३२५ पिच पसंत करतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. (आजच्या कटरचा आकारही ओरेगॉनचाच. १९४६ मध्ये जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून तो घडवला.)

माझे मत विचाराल तर कामाला पुरेल इतकाच आखूड बार घ्या. बुंध्याच्या दोन बाजूंनी काप घेता येत असेल तर बारपेक्षा जाड झाडही पडते. पण बार फारच आखूड असला तर त्याचे टोक खोडाच्या आत राहते, आणि खरा धोका टोकाशी आहे. टोकाच्या वरच्या चतुर्थांश भागातला कटर लाकडात अडकला तर प्रतिक्रिया-बलाने बार क्षणात वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. माणसाला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून चेन ब्रेक चालू स्थितीत नसलेले यंत्र हातात घेऊ नये. लांब बारचे टोक खोडापलीकडे असते, पण दिसत नाही. मागे दुसरा ओंडका असेल तर तोच प्रसंग ओढवतो.

दाताच्या आकाराचेही पाहू. चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझेल कटर स्वच्छ, मऊ लाकडात वेगाने कापतो, पण मातीचा एक स्पर्श त्याची धार घालवतो. गोल कोपऱ्याचा सेमी चिझेल हळू, पण धार टिकवणारा. आपल्याकडच्या सागाच्या लाकडात सिलिका असते, ती धार खाते. तिथे मी सेमी चिझेलच घेईन. वनखाते झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर मोजते, तेव्हा तो ३.१४ ने भागा: १५० सेंमी घेराचा साग सुमारे ४८ सेंमी व्यासाचा. एका बाजूने काप घ्यायचा तर या जाडीला २० इंची बारही जेमतेम पुरतो, आणि बुंध्याशी झाड आणखी जाड असते हे विसरू नका.

कटरपुढचा रेकर धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असतो; ढलपीची जाडी तोच ठरवतो. चेन जलद कापावी म्हणून कामगार रेकर जास्त घासतात. मग दात खोल घुसतो, वर काढलेले दर दाताचे बल अपुरे पडते आणि उसळीचा धोकाही वाढतो.

सरावासाठी: २.६ किलोवॅटचे यंत्र, ०.३२५ इंच पिच, ७ दाती स्प्रॉकेट, मिनिटाला ९,५०० फेरे. नेहमीच्या चेनसह १८ इंची बार पूर्ण बुडाला असता दर कटरला किती बल मिळेल? (उत्तर: सुमारे १० न्यूटन.) हाच हिशेब २४ इंची बारसाठी करा आणि असा बार या यंत्राला लावाल का ते सांगा.