पावणेदोन, सव्वादोन आणि उचल

मंडळी, ऋण अपूर्णांक म्हटलं की पोरं दचकतात. पण आपण ते रोज बोलतो. सव्वादोन म्हणजे दोनात पाव अधिक, पावणेदोन म्हणजे दोनात पाव उणा. आता सांगा, पावणेदोनपासून सव्वादोनपर्यंत वेळ किती? अर्धा तास. दोन्हीकडचे दोन गेले, राहिलं १/४ − (−१/४) = १/२. वजा करायचा पाव मुळातच उणा होता, म्हणून तो मिळवला गेला.

ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन आणि ऋण यांचे नियम दिले. ऋण म्हणजे कर्ज. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे माझं लक्ष आधी नावाकडे जातं. हे नाव फार शहाणपणाचं आहे.

आपल्या चकलांब्याकडचे, गेवराई तालुक्यातले कोयते ऊसतोडीला जातात. समजा, एका जोडीनं पाऊण लाख उचल घेतली : −३/४. तोडणी अर्ध्या लाखाची झाली : +१/२. लगेच आकडे मिळवू नका. छेद वेगळे आहेत. छेद म्हणजे तुकडा केवढा, ते सांगणारा. अर्ध्याचे दोन पाव करा. −३/४ + २/४ = −१/४. पंचवीस हजार अंगावर.

हेच कुणी −३/४ − २/४ असं मांडलं, तर बाकी निघते सव्वा लाख! आकडे तेच, चिन्ह एकच बदललं. म्हणून हिशेबाचा कागद घरी आणा, पोरांकडून चिन्हं तपासून घ्या.

आणि ती बाकी माफ झाली तर? −१/४ − (−१/४) = ०. हातात रुपया आला नाही, पण पुढच्या हंगामात ते पंचवीस हजार कापले जायचे नाहीत.